मॅकबाईची वजडी

ये गं मनू, जवळ सरक. तू तिकडं इंग्लंडात आणि मी इकडं तासगावात, तरी सरक म्हणते, कारण ही लांबून ओरडून सांगायची गोष्ट नव्हे. आणि आधी थोडी बोलणी खा. परवा फोन केलास तर आज्जीचा गुडघा कसा आहे विचारलं नाहीस, यंदा बेदाणा कसा सुकला विचारलं नाहीस, थेट म्हणालीस, "आज्जी, टॉमच्यात व्हायकिंग निघालं." मला वाटलं पोरगं आजारी पडलं. मग कळलं की त्यानं नळीत थुंकी भरून कुठंतरी पाठवली होती आणि तिच्यातनं त्याचे पूर्वज निघाले, काही आयर्लंडचे, काही समुद्रावरचे दरोडेखोर, आणि आता त्याची आई तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहे. चांगलं आहे. इथं सरकारी दवाखान्यात थुंकी दिली की क्षय निघतो, तिथं राजे निघतात. ज्याचं त्याचं नशीब. वर तुझी मागणी अशी, की लग्नात टॉमच्या घरचे आपला वारसा मांडणार, तर आज्जी तूपण आपल्या घराण्याचं काहीतरी लिहून दे. देते की. पण आपल्या घराण्याचं नंतर. आधी गोऱ्या माणसाच्या घराण्याचं लिहिते, कारण ते मी तुझा टॉम जन्मायच्या आधीपासून धुतलंय, वाळत घातलंय आणि इस्त्री करून कपाटात ठेवलंय.

माझं लहानपण महाबळेश्वरात गेलं एवढं तुला माहीत आहे. आम्ही मूळची माणची, दहिवडीकडची मेंढरांची माणसं. दुष्काळात मेंढरं गेली, तसे माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, घाट चढून वर आले आणि एका मेमच्या बंगल्यात माळी झाले. आई तिथंच स्वयंपाकाला लागली. स्वयंपाकघराच्या मागं दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही. तुम्हाला आता महाबळेश्वर म्हणजे स्ट्रॉबेरी, क्रीम आणि घोड्यावरचा फोटो. आम्हाला महाबळेश्वर म्हणजे ओल. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटायचं, चादरीला बुरा यायचा, आणि मेमचे लोकरी कपडे शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर वाळवायचं काम माझं. चार महिने घरभर ओल्या लोकरीचा वास. माणच्या माणसाला तो वास लागला की बरं वाटतं. दादा म्हणायचे, मेंढरं गेली पण वास काय सुटला न्हाई.

मेमच्या आडनावाच्या सुरवातीला मॅक होतं. पुढचं कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून सगळा बाजार तिला मॅकबाई म्हणायचा. लग्न केलेलं नव्हतं. तिच्या तोलाचं कुणी मिळालं नाही असं ती सांगायची, आणि खरंच होतं ते, कारण तिच्या तोलाचं व्हायला माणूस आधी स्कॉटलंडातला पाहिजे, त्यातला डोंगराकडचा पाहिजे, त्यातल्या एका ठरावीक खोऱ्यातला पाहिजे. इंग्रज चालायचा नाही. खालच्या बंगल्यात एक म्हातारा इंग्रज साहेब राहायचा, त्याला ती 'दुकानदार' म्हणायची, आणि तो आला की चांगल्या कपबशा कपाटातच राहायच्या. आईला वाटायचं गोरा तो गोरा, त्यात काय निवडायचं. पण मॅकबाईनं तिला नीट समजावलं होतं की गोऱ्यात वरचे कोण, खालचे कोण, कुणाकडं पाणी प्यावं आणि कुणाकडं नाही. आईला ते लगेच कळलं. हे शिकायला तिला इंग्रजीची गरज नव्हती.

आता गंमत ऐक. ही मॅकबाई जन्मली साताऱ्याच्या कॅम्पात. तिचा बापही तिथलाच. आजा कधीतरी पलटणीबरोबर आला तो इथंच मातीत गेला. स्कॉटलंड तिनं पाहिलं होतं ते बिस्किटाच्या डब्यावर. त्या डब्यावर एक डोंगर, एक तळं आणि एक हरिण होतं. डबा दिवाणखान्यात मध्यभागी असायचा आणि ती पाहुण्यांना बोट दाखवून सांगायची, हे आमचं. हरणासकट. मराठी ती आमच्यासारखीच बोलायची, आयांच्या मांडीवर वाढलेली ना. "शेवंते, माज आलाय व्हय गं, डालगं कुणी हलवायचं?" असं मला स्वच्छ म्हणायची. फक्त कुणी गोरं माणूस घरात आलं की तिचं मराठी जायचं. मग आईला खुणेनं मीठ मागायची. आईपण मोठी चांगली, तीपण खुणेनंच विचारायची, किती.

तर तिच्या कुळाची तीन लक्षणं होती. एक, चौकड्याचं लोकरी कापड. हिरव्या-निळ्या चौकटी, मध्ये तांबडी रेघ. तो झगा ती सणाला घालायची आणि तो आमच्या जातीचाच आहे, दुसऱ्या कुणी घातला तर पूर्वी तलवारी निघायच्या असं सांगायची. दोन, नेचा. बागेत ओलीला उगवतो तो साधा नेचा, त्याचं पान ती त्या दिवशी चांदीच्या पिनेनं छातीला लावायची, कारण तिच्या कुळाची ती खूण. हे ऐकल्यावर आईनं पदर सावरला आणि दादांना सांगितलं, "आवं, हे बाईचं देवक हाय. त्येला आता कोयता लावायचा न्हाई." झालं. दादा माळी, आणि बागेत नेचा माजला गुडघ्याएवढा. मॅकबाई ओरडली की हे रान साफ का करत नाही. दादा म्हणाले, "तुमच्या देवकाला हात कसा लावू? उद्या तुमचं काय बरंवाईट झालं तर माझ्या नावावर." मॅकबाईनं पुन्हा कोयत्याचं नाव काढलं नाही. मला वाटतं तिच्या कुळाला तिच्या जन्मात एवढा मान कुणी दिला नव्हता.

आणि तिसरी वजडी, मेंढराच्या पोटातली. तू नाक मुरडशील, पण लहानपणी याच आज्जीच्या हातची चाटून खाल्लीस हे टॉमला सांगितलंस का? मॅकबाईच्या देशात मेंढराच्या पोटाची पिशवी धुऊन, तिच्यात काळीज, फोफसा, चरबी आणि कसलंसं धान्य भरून, तोंड शिवून उकडतात. त्याला हॅगिस म्हणतात. थंडीतल्या एका दिवशी ते झालंच पाहिजे. गावातल्या कुठल्याच खानसाम्याला ती पिशवी साफ करता यायची नाही. आईनं ती पहिल्या दिवशी चुन्याच्या पाण्यात टाकून, दगडावर घासून अशी पांढरी करून दाखवली की मॅकबाईनं तिथल्या तिथं कामावर ठेवली. धान्य कुठलं, तर जोंधळ्याच्या कण्या. मसाला कुठला, तर आपला कांदा-लसणाचा, लालभडक. आईनं तो स्वतःच्या मनानं घातला नाही बरं का. मॅकबाईनंच सांगितलं होतं, आमच्या आजीच्या वेळेपासून असंच होतंय, चव तसूभर बदलली तर खबरदार. साताऱ्यात त्यांच्याकडं स्वयंपाकाला कोण होतं ते नंतर निघालं. माणचीच एक म्हातारी होती.

त्या दिवशी मॅकबाई चौकड्याचा झगा घालून, नेचा लावून, ग्रामोफोनवर त्यांच्या पिशवीच्या पिपाणीची तबकडी लावायची. ती पिपाणी अशी सुरू व्हायची जशी शंभर मेंढरं एकदम दरीत अडकली. मग आईनं ताटात वजडी घेऊन यायचं, मॅकबाईनं हातात सुरी धरून तिच्यापुढं मोठ्यानं कविता म्हणायची, आणि मग ती फाडायची. कविता संपेपर्यंत आई डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी. तिला ती आरतीच वाटायची. दादा खिडकीतनं बघून म्हणायचे, "मेंढराच्या पोटातलं खायाचं, मेंढराच्या कातड्याचं वाजवायचं, मेंढराची लोकर नेसायची. ही मानसं आपल्या माणमधनंच गेल्यात तिकडं. ऊन सोसलं नसंल म्हणून गेली." आईनं हे एकदा मॅकबाईला भोळेपणानं विचारलंसुद्धा. "बाई, म्हंजी तुमी मेंढकंच की आमच्यासारखं." मॅकबाई दोन दिवस बोलली नाही. आणि खरं सांगायचं तर माझे गावाकडचे चुलतेपण आईशी बोलले नाहीत, कारण गोरी असली म्हणून काय झालं, कुठली कोण बाई आपल्या बरोबरीची कशी. आमच्या चुलत्यांच्या आज्यानं कधीतरी कुणा सरदाराचा घोडा धरला होता. चुलते सांगताना त्याला हळूहळू रिकिबीत पाय घालायला लावायचे, आणि दारू जरा जास्त झाली की तो घोड्यावर बसून लढाई जिंकून यायचा. त्यालापण थुंकीची नळी लागली नाही.

आता मुख्य गोष्ट. मॅकबाईचा जन्मभराचा एकच ध्यास होता. त्यांच्या कुळाचा मेळा भरायचा स्कॉटलंडात, कधीमधी, आणि त्यात हयात असलेल्या सगळ्यात थोरल्या माणसानं वजडी फाडायची अशी रीत. मॅकबाई वाट बघत होती. एकेक थोरलं तिकडं मरत गेलं की ती इकडं काळी फीत लावायची, पण डोळ्यांत जरा चमक असायची. आणि एके वर्षी निरोप आला की आता थोरली तूच, आणि लांबच्या नात्यातला तुझा भाचा ॲलन तुला न्यायचं ठरवायला येतोय. सगळं ठरल्यासारखंच होतं, त्यानं फक्त येऊन बघायचं होतं. मुलगी बघायला येतात तसं. साठी उलटलेली मॅकबाई तशीच धास्तावली. पडदे धुतले, चांदी घासली, दादांना नवी टोपी दिली, आणि आईला सांगितलं, "पारू, वजडी अशी कर की आजी उठून बसली पाहिजे."

ॲलन आला आणि आम्ही बघतच राहिलो. खादीचा झब्बा, गळ्यात रुद्राक्ष, पायात कोल्हापुरी चप्पल. गोव्याकडनं आला होता. आईला वाकून नमस्कार केला. आईनं घाबरून मॅकबाईकडं बघितलं, आता बाई मीठ खुणेनं मागणार का तोंडानं. जेवायला बसला तो मांडी घालून खुर्चीवर, आणि हातानं खायला लागला. मॅकबाई काटा-चमचा धरून बघत राहिली. मग तबकडी लागली, कविता झाली, वजडी फाडली. लाल तर्री ताटात पसरली. मी पाणी वाढायला उभी होते. इंग्रजी मला वाचता यायचं नाही, पण त्या घरात वाढलेली, ऐकून सगळं कळायचं.

त्यानं एक घास घेतला, डोळ्यांतनं पाणी आलं, आणि तो हसायला लागला. वाईट मनानं नाही, पोरं हसतात तसा. म्हणाला, "आत्या, ही तर करी आहे. फार झकास आहे, पण हॅगिस नाही ही."

"हॅगिसच आहे," मॅकबाई म्हणाली.

"त्यात मिरची नसते. जिरं नसतं. हे धान्यही नव्हे."

मॅकबाईनं सुरी खाली ठेवली. तिची मान ताठ होती, पण छातीवरचं नेच्याचं पान हलत होतं. म्हणाली, "माझी आजी अशी करायची. तिची आजी अशी करायची. तुम्ही लोक तिकडं राहून करायचं विसरलात, तर तो माझा दोष नाही."

मनू, एवढ्या वर्षांत मी लय माणसं बढाया मारताना ऐकली, तासगावात तर घराघरात एक राजा आहे. पण अशी बढाई पुन्हा ऐकली नाही. तो भाचा वरमला. पण गप्प बसेल तर शिकलेला कसला. त्यानं समजुतीच्या आवाजात सांगायला सुरवात केली की आत्या, या चौकटीपण काही फार जुन्या नाहीत हं, बऱ्याचशा कापडवाल्यांनी नंतर वाटून दिल्या, लोक विकत घेतात म्हणून. मला वाटलं मॅकबाई आता सुरी उचलते. तिनं ताटातलं सगळं, तर्रीसकट, संपवलं.

दुसऱ्या दिवशी तो जायला निघाला. व्हरांड्यात तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, तू यायचंच, तिकीट मी पाठवतो, फाडायचा मान तुझाच. मॅकबाईचा चेहरा असा उजळला की मला ती एकदम लहान दिसली. आणि मग तो म्हणाला, "फक्त एक कर. तिथं साडी नेसून ये. सगळ्यांना फार आवडेल. आमची हिंदुस्थानातली आत्या."

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. त्या घरात राहून मी तिला चुलीपाशी आलेली तोवर पाहिली नव्हती, ती दारातनंच हुकूम द्यायची. आई कण्या पाखडत होती.

"पारू, त्यो मला लुगडं नेसून ये म्हणतोय."

आईनं सूप थांबवलं नाही. "मग नेसा की. मी नेसवते. नऊवारी का सहावारी?"

"मी कवा लुगडं नेसलीय का गं?"

"न्हाई. पर तिकडं झगेवाल्या लय असतील. त्येस्नी तुमी येगळ्या पायजे असाल."

मलाही तेव्हा समजलं, चौदाची असेन मी, की हिचं काय होऊन बसलंय. इथं जन्मभर ती तिकडची म्हणून राहिली. आमच्या चुलीपाशी आली नाही, आमच्या भांड्यात प्यायली नाही, माझ्या आईचा कप बाहेर खुंटीला. आणि आता तिकडचे तिला बोलवत होते ते इकडची म्हणून. जायचं तर लुगडं नेसून नाटकातल्यासारखं जायचं, नाहीतर जन्मभर वाट बघितलेली ती सुरी दुसऱ्या कुणाच्या हातात. मला वाटलं ती जाणार नाही. आईला वाटलं नेसणार. दादा म्हणाले, "दोनी न्हाई. तिला वळखत न्हाई तुमी."

जायच्या आदल्या दिवशी तिनं चौकड्याचा झगा माझ्याकडनं इस्त्री करून घेतला. आणि आईला म्हणाली, "पारू, मसाला दे बांधून."

"किती?"

"मेळ्याला पुरंल एवढा."

महिना नाही झाला तोवर परत आली. पुण्याहून टॅक्सी करून, घाटात उलटी करून, पिवळी पडून. व्हरांड्यात बसली, बूट काढले, आणि मराठीतच सांगायला लागली. इंग्रजीत सांगायला कुणी नव्हतं असं नाही, खालचा दुकानदार साहेब येऊन बसला होता. पण तिनं त्याच्यादेखत मराठीत सांगितलं, हे आम्ही पहिल्यांदाच बघितलं.

"पारू, तिथं जो भेटंल त्यो मला इचारायचा, तुमी कुठल्या. मी म्हणायची, तुमच्यातलीच की, ह्याच खोऱ्यातली. तर हसायचे. न्हाई, म्हंजी मूळच्या कुठल्या? माझं इंग्रजी त्येंच्या कानाला लागंना. झगा बघून एक पोरगी म्हणाली, कुठल्या दुकानातनं घेतला, बरा हाय. दुकानातनं." तिनं पाणी मागितलं, मी दिलं. "मग वजडी आणली. पांढरी. आजाऱ्याला द्यावी तशी. मी कविता म्हणाले, पाठ, त्येंच्यातल्या एकालाबी पाठ नव्हती, समदे कागदात बघत हुते. मग फाडली. आन पिशवीतनं मसाला काढून वरनं टाकला, पार लाल हुईस्तोवर."

"आगं बया. मग?" आई म्हणाली.

"मग काय, ॲलनचं तोंड बघायसारखं झालं. कुणीतरी म्हणालं, बाई हे काय करताय. मी सुरी हातात धरूनच सांगितलं, आमच्या साताऱ्याकडं असंच करत्यात."

दुकानदार साहेब टाळी वाजवायला लागला तर तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून गेला. तुला वाटत असेल आता ती सुधारली, आईला मिठी मारली, कप खुंटीवरनं आत आला. काही नाही. संध्याकाळी चहा झाला तर आईचा कप बाहेरच. माणसाचा गर्व असा जात नाही बाळा, तो फक्त गाव बदलतो. त्यापुढच्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईचे प्रवासी कुंपणावरनं बाग बघायला लागले, तर ही गोरी म्हातारी काठी घेऊन व्हरांड्यात उभी राहायची आणि विचारायची, "कुठनं आला? त्ये कळलं, पर मूळचे कुठले?" त्यांनी काहीही सांगितलं तरी ती नाक उडवून म्हणायची, "म्हंजी भायेरचेच." आणि आत येऊन आम्हाला सांगायची की या बाहेरच्यांनी आमचं महाबळेश्वर नासवलं. आमचं म्हणताना हात आमच्याकडं फिरवायची. आई मान डोलवायची. पाच-सहा वर्षांनी ती गेली तेव्हा तिला इथंच पुरलं. दादांनी बागेतला नेचा उपटून नेऊन वर लावला. कुणी सांगितलं नव्हतं.

तर मनू, हे लिहून दिलं. टॉमच्या आईनं चौकटीत घातलं तर घालू दे, भाषांतर तू कर आणि वजडीचं शब्दशः कर. आणि आता ऐक, बेदाणा सुकायला घातला की रानात राखणीला थांबावं लागतं, मग मला कुठं हलता येत नाही, त्यामुळं मी येते येते म्हणते त्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच ये. टॉमला आण. त्याला घरात पाऊल टाकल्यावर कुणी मूळचा कुठला विचारणार नाही एवढं मी बघते, तुझ्या मामांनापण आधीच दम देऊन ठेवलाय. मी त्याला जेवतोस का, एवढंच विचारीन. पण लग्नाच्या आधी या, गुडघा मला फार दिवस चुलीपाशी बसू देईल असं दिसत नाही.